'सप्रमाण' म्हणजे नक्की काय? आकडा दिला तरी विधान सप्रमाण होत नाही का?

अक्षरवेल

नमस्कार मंडळी, एका शब्दापाशी दोन दिवस अडकलेय म्हणून इथे विचारते.

मुलांच्या एका विज्ञान अंकासाठी मुंग्यांवर लेख लिहिलाय. त्यात एक वाक्य होतं, "मुंगी स्वतःच्या वजनापेक्षा खूप जास्त वजन उचलते." संपादकांनी शेजारी लिहून पाठवलं, "विधान सप्रमाण हवं." मला वाटलं प्रमाण म्हणजे किती ते, पावसाचं प्रमाण, औषधाचं प्रमाण असं आपण म्हणतोच की, मग त्यांना तो "खूप" खटकला असणार आणि नेमका आकडा पाहिजे असणार, म्हणून मी "पन्नास पट" करून पाठवलं. काल परत आलं, "आकडा आला पण विधान अजून सप्रमाण नाही, आता तर जास्तच गरज आहे."

शब्दकोश उघडला तर प्रमाण या शब्दाला माप, परिमाण, पुरावा, साक्ष, मान्य ठरलेलं, असे सगळेच अर्थ. त्यात प्रमाण भाषा आहे, प्रमाणपत्र आहे, "त्याप्रमाणे" पण आहे. हा सगळा एकच शब्द आहे का? आणि सप्रमाण, साधार, पुराव्यानिशी, सिद्ध करणे यात खरंच फरक आहे की लिहिणाऱ्याच्या सवयीचा भाग? मला संपादकांशी वाद घालायचा नाहीये, त्यांना काय हवंय ते कळलं तर लेख नीट होईल एवढंच.

जुनी_पाटी

एकच शब्द आहे. मूळ धातू मा, म्हणजे मोजणे, त्याला प्र लागला की प्रमाण, म्हणजे ज्याने मोजायचं ते. वस्तू मोजायची तर फूटपट्टी हे प्रमाण, भाषा जोखायची तर प्रमाण भाषा, आणि एखादं विधान खरं की खोटं हे जोखायचं तर ज्याने ते जोखता येतं ते प्रमाण. तुमच्या संपादकांना हा तिसरा अर्थ पाहिजे. तुमचा गैरसमज झाला त्यात तुमची चूक म्हणवत नाही कारण रोजच्या बोलण्यात पहिला अर्थच जास्त चालतो, आणि मापाचा अर्थ हवा तेव्हा आपण खरं तर "प्रमाणात", "प्रमाणबद्ध", "प्रमाणाबाहेर" म्हणतो. "सप्रमाण" मात्र बहुतेक वेळा पुराव्याच्या अर्थानेच येतं. सप्रमाण दाखवून दिलं, सप्रमाण मांडलं, सप्रमाण खोडून काढलं, ही त्याची ठरलेली क्रियापदं.

व्याकरणाने सहबहुव्रीहि, प्रमाणासहित असं ते. सादर, सहकुटुंब यांच्या पंगतीतला शब्द.

झटपट

एवढं कशाला, सप्रमाण म्हणजे पुराव्यासकट. लेखाच्या खाली कुठून घेतलं ते लिहा, झालं काम.

तर्कसांगाती

झटपट, माफ करा पण इतकं सोपं नाहीये ते, आणि अक्षरवेल यांनी विचारलेला फरक नेमका इथेच आहे. "कुठून घेतलं" हे लिहिलं की विधान साधार होतं. साधार म्हणजे आधारासकट, ते कशावर तरी उभं आहे, हवेत नाही. उलट शब्द निराधार. पण तो आधार स्वतः किती पक्का आहे हे अजून कुणी तपासलेलं नसतं. अमक्याने तमक्या ठिकाणी लिहिलंय हा आधार आहे, पण त्या अमक्याने तरी कुठून आणलं? प्रमाण म्हणायचं तर ते समोरच्याला तपासता आलं पाहिजे.

न्यायशास्त्रात, म्हणजे कोर्टाच्या नव्हे तर जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, यावर फार बारकाईने विचार झालाय आणि आपल्या रोजच्या मराठीतले कितीतरी शब्द तिथलेच आहेत, म्हणून थोडं लांबलं तरी लिहितो. हे शास्त्र मानणारे नैयायिक चार प्रमाणं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनी पाहिलं ते प्रत्यक्ष. डोंगरावर धूर दिसतोय म्हणजे तिथे आग असणार, हे अनुमान. गवा गाईसारखा असतो हे आधी ऐकलेलं आणि मग जंगलात तसा प्राणी दिसल्यावर हाच तो गवा असं ओळखलं, ते उपमान. विश्वासू जाणकाराने सांगितलं ते शब्द. सगळ्या दर्शनांनी, म्हणजे आपल्याकडच्या तत्त्वज्ञानाच्या परंपरांनी, चारच मानली असं नाही बरं का, चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतात, बौद्धांमध्ये दिङ्नाग आणि धर्मकीर्ती प्रत्यक्ष आणि अनुमान अशी दोन, सांख्य तीन, भाट्ट मीमांसक तर सहा. म्हणजे कशाला पुरावा म्हणायचं यावरच शेकडो वर्षं वाद झालाय.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे अनुमानाचे दोन प्रकार केलेत, स्वार्थानुमान आणि परार्थानुमान. स्वार्थ म्हणजे इथे मतलब नव्हे, स्वतःसाठी. मला धूर दिसला, माझी खात्री पटली, संपलं, हे स्वतःपुरतं. पण तेच दुसऱ्याला पटवायचं असेल तर पाच पायऱ्यांनी मांडावं लागतं. प्रतिज्ञा: डोंगरावर आग आहे. हेतु: कारण तिथे धूर आहे. उदाहरण: जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं चुलीत. उपनय: या डोंगरावर तसाच धूर आहे. निगमन: म्हणून तिथे आग आहे. बघा, पहिल्या पायरीला, म्हणजे आपण ज्याला आज दावा म्हणतो त्याला, प्रतिज्ञा म्हटलंय. विधान करणं म्हणजे शब्द देणं, आणि पुढच्या पायऱ्या चढून तो पाळायचा. मला हे फार मोठं वाटतं.

आता तुमचं "पन्नास पट". ती अजून नुसती प्रतिज्ञाच आहे, फक्त जास्त नेमकी झाली. नेमकी प्रतिज्ञा चुकायची शक्यताही जास्त, म्हणून संपादक म्हणाले की आता जास्तच गरज आहे. बरोबरच म्हणाले ते.

अक्षरवेल

तर्कसांगाती, स्वार्थ आणि परार्थ वाचून एकदम प्रकाश पडला. मी आकडा टाकला तेव्हा माझी खात्री होती, कारण लहानपणापासून ऐकत आलेय. म्हणजे माझ्यापुरतं ते पक्कं होतं, पण वाचणाऱ्या मुलाच्या हातात मी काहीच दिलं नाही.

मग "सिद्ध" कुठे बसतं? "सप्रमाण सिद्ध केलं" असं वाचते मी सर्रास, ती द्विरुक्ती नाही का?

जुनी_पाटी

द्विरुक्ती नाही. सप्रमाण हे कसं ते सांगतं, सिद्ध हे काय झालं ते सांगतं. सप्रमाण मांडूनही गोष्ट सिद्ध होत नाही असं पुष्कळदा होतं, प्रमाणं अपुरी पडतात.

शाळेतली भूमिती आठवा. पक्ष, साध्य, सिद्धता. पक्ष म्हणजे दिलेलं, साध्य म्हणजे जिथे पोचायचंय ते, आणि सिद्धता म्हणजे एकेक पायरी कारणासह लिहीत तिथे पोचणं, आणि पोचल्यावर शंकेला जागाच उरत नाही. गणिताबाहेर इतकं पूर्ण असं क्वचित मिळतं म्हणून मी "सिद्ध झालंय" हे शब्द फार जपून वापरते. शास्त्रातल्या बातम्यांत हल्ली प्रत्येक प्रयोगाने काहीतरी "सिद्ध" होतं ते वाचून त्रास होतो. एका प्रयोगाने बहुतेक वेळा पुष्टी मिळते, बस. "सप्रमाण पुरावा" मात्र खरीच द्विरुक्ती, ती टाळा.

गोंडवनी

जुनी_पाटी यांच्या मुद्द्याला एक उदाहरण जोडतो, माझा विषय भूशास्त्र आहे आणि साधार, सप्रमाण, सिद्ध हे तिन्ही टप्पे एकाच गोष्टीत दिसतात म्हणून.

आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडलं की खंडं एकेकाळी जोडलेली होती आणि मग सरकत दूर गेली. विधान बिनबुडाचं अजिबात नव्हतं. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांचे किनारे एकमेकांत बसतात, मेसोसॉरस या उथळ पाण्यातल्या प्राण्याचे जीवाश्म या दोन्ही खंडांत मिळतात आणि हा प्राणी अख्खा महासागर पोहून जाईल हे पटत नाही, ग्लोसोप्टेरिस ही वनस्पती दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका सगळीकडच्या खडकांत आहे. म्हणजे साधार होतं, माझ्या मते सप्रमाणही होतं. पण खंडं सरकतात ती कशाच्या जोरावर, याचं पटेल असं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं आणि बऱ्याच भूशास्त्रज्ञांनी ते नाकारलं. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत ते वारले. १९६० च्या दशकात समुद्रतळाचा अभ्यास झाला, तळावरच्या खडकांत मध्य कण्याच्या, म्हणजे समुद्राखालच्या डोंगररांगेच्या, दोन्ही बाजूंना चुंबकीय पट्टे सारखेच सापडले, म्हणजे तळ मधून फाटून दोन्हीकडे पसरतोय, आणि तेव्हा कुठे खंडं सरकतात हे सर्वमान्य झालं. आज आपण म्हणतो की खंडांचं सरकणं सिद्ध झालंय. १९१५ साली कुणी तसं म्हटलं असतं तर निष्कर्ष बरोबर पण शब्द चूक.

एवढ्याचसाठी हे शब्द वेगवेगळे ठेवावेत असं वाटतं, नाहीतर ही मधली पन्नास वर्षं सांगायला आपल्याकडे भाषाच उरणार नाही.

मोडीप्रेमी

वा गोंडवनी. इतिहासातलं एक सांगतो कारण तिथे "पुष्टी" हा शब्द नीट कळतो.

शिवाजी महाराजांची जन्मतिथी. बखरींच्या आधारे बराच काळ शके १५४९ चा वैशाख, म्हणजे इसवी सन १६२७, हे साल धरलं जात होतं. बखरी बऱ्याच नंतर लिहिलेल्या, पण आधार होताच, म्हणून ते विधानही साधार होतं हे लक्षात घ्या. मग मावळातल्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली शकावली, म्हणजे सालवार घटनांची नोंद, पुढे आली, लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आता एका साधनाविरुद्ध दुसरं साधन. पण पुढे कवींद्र परमानंदांच्या संस्कृत शिवभारतात तीच तिथी मिळाली, ते महाराजांच्या हयातीतलं, आणि तिकडे जोधपूरला मिळालेल्या जन्मपत्रिकेतही तीच. मावळातल्या देशमुखांची शकावली, एका कवीचं संस्कृत काव्य आणि राजस्थानातली पत्रिका, एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलं असेल असं म्हणायला जागा फार कमी. याला म्हणतात पुष्टी.

पुष्टी म्हणजे मूळचं पोसणं, बळ देणं. जे आधी उभं आहे त्याला बळ देणारं दुसरं, स्वतंत्र काहीतरी. दहा जणांनी एकाच बखरीवरून लिहिलं तर ते दहा आधार नव्हेत, आधार एकच. हे इंटरनेटवर फार होतं, एकच मजकूर पन्नास ठिकाणी आणि माणसाला वाटतं पन्नास पुरावे आहेत. अक्षरवेल, तुमच्या "पन्नास पट" चं पण असंच झालेलं असू शकतं, जरा मागे जात जात पहिल्यांदा कुणी मोजलं तिथवर पोचा.

बातमीवाली

पुष्टीचा विषय निघालाय तर मनातलं बोलते. "मंत्र्यांनी या वृत्ताची पुष्टी केली" हे हल्ली सगळीकडे दिसतं, ते हिंदीतून आलंय. मराठीत मंत्री वृत्ताला दुजोरा देतात. दुजोरा देणं म्हणजे हो, असंच आहे असं दुसऱ्याने म्हणणं, नुसत्या तोंडी शब्दानेही देता येतो. पुष्टी द्यायची तर काहीतरी ठोस लागतं, आणि मराठीत पुष्टी मिळते किंवा देतात, "केली" नाही. आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ त्यांनी तीन पत्रं दाखवली, अशी वाक्यरचना. अर्थ वेगळे आहेत म्हणून जीव तुटतो हो, दुजोरा दिला असं लिहिलं की वाचकाला कळतं की फक्त होकार आलाय, कागद काही दिसलेला नाही. पुष्टी केली लिहिलं की तो फरक पुसला जातो आणि वाचक फसतो.

तसंच "दाखला". दाखला देणं म्हणजे उदाहरण देणं, एखादं बसणारं उदाहरण. एका दाखल्याने मुद्दा कळतो पण शाबीत होत नाही.

कोर्टातला_मुन्शी

शाबीत शब्द आलाच आहे म्हणून. हा अरबीतून आलेला, हिंदीतला साबित तोच. आमच्याकडे गुन्हा शाबीत होतो, आरोप शाबीत होतो. १८७२ चा पुरावा कायदा दीडशे वर्षं चालला, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कायद्याने अवस्था दोन नाही तर तीन सांगितल्यात: शाबीत झालं, खोटं असल्याचं शाबीत झालं, आणि दोन्हीही शाबीत झालं नाही. ही तिसरी अवस्था लोक विसरतात. "पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता" वाचलं की कुणी म्हणतं सुटला म्हणजे केलंच नव्हतं, कुणी म्हणतं केलं होतं पण वाचला, आणि कोर्टाने यातलं काहीच म्हटलेलं नसतं. कोर्ट म्हणतं ज्याने आरोप केला त्याने तो शाबीत करायचा होता, तो झाला नाही.

जबाबदारी कुणाची हा पण मुद्दा आहे ना. जो म्हणतो त्याने दाखवायचं. लेखातही तसंच, वाचकाने खोटं पाडून दाखवावं अशी अपेक्षा ठेवायची नसते.

आणि पुराव्याची विशेषणं जरा जपून वापरावीत, सगळीकडे नुसतं "ठोस" चालतं हल्ली. परिस्थितीजन्य पुरावा कमकुवत असतो असा एक समज आहे तोही बरोबर नाही, साखळीतला एकही दुवा तुटका नसेल तर त्यावर शिक्षा होते. ऐकीव माहिती मात्र आमच्याकडे सहसा चालत नाही, ज्याने पाहिलं त्याने येऊन सांगायचं.

झटपट

मी आधी घाईत लिहिलं होतं, ते मागे घेतो. पण मग रोजच्या लिखाणात कुठवर जायचं? प्रत्येक वाक्याला पाच पायऱ्या लावल्या तर लेख कोण वाचेल?

तर्कसांगाती

रास्त प्रश्न. सगळ्याच वाक्यांना नाही लागत. मुंगीला सहा पाय असतात याला कुणी प्रमाण मागणार नाही, बघितलं की दिसतं, हातच्या कांकणाला आरसा कशाला. जिथे वाचणारा थांबून "खरंच?" म्हणेल तिथे लागतं. आकडा, "सगळ्यात", "नेहमी", "कधीच नाही", "यामुळेच", हे शब्द लिहिले की मी स्वतः थांबतो.

आणि शब्दप्रमाणाला कमी लेखू नका, आपण बहुतेक गोष्टी दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच मानतो, मी अंटार्क्टिकाला गेलेलो नाही. फक्त सांगणारा आप्त हवा, म्हणजे नातेवाईक नव्हे, ज्याला ती गोष्ट खरी ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगतो असा. मोठं नाव म्हणजे आप्त नाही. ते झालं की उरतं फक्त बाबा वाक्यं प्रमाणम्. आगरकरांपासून आपल्याकडे ग्रंथप्रामाण्य की बुद्धिप्रामाण्य हा वाद चालत आलाय तो याच शब्दाभोवती.

जुनी_पाटी

यावरून आठवलं, प्रामाणिक हा शब्दही इथलाच. हिंदीत प्रामाणिक ग्रंथ म्हणजे विश्वसनीय, अधिकृत ग्रंथ, अर्थ प्रमाणाला धरूनच राहिला. मराठीत तो माणसाच्या स्वभावाला लागला, प्रामाणिक माणूस, जो खोटं बोलत नाही. मला आपल्या भाषेने केलेली ही निवड फार आवडते. पण एक लक्षात ठेवायचं, प्रामाणिक माणसाचं विधानही सप्रमाण असेलच असं नाही. अक्षरवेल यांनी पन्नास पट लिहिलं ते पूर्ण प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

गोंडवनी

अक्षरवेल, मूळ वाक्याकडे येऊ का? मला वाटतं तुमच्या वाक्यात दोन वेगळी विधानं आहेत आणि दोघांना वेगळं प्रमाण लागेल. एक, अमुक जातीच्या मुंगीने इतक्या पट वजन उचललं. हे मोजायचं काम, प्रत्यक्ष. त्यासाठी कोणती जात, उचललं की ओढलं, कुणी आणि कसं मोजलं हे हवं, कारण मुंग्यांच्या हजारो जाती आहेत आणि ओढणं वेगळं, तोंडात धरून उचलणं वेगळं.

दुसरं, लहान प्राणी वजनाच्या मानाने जास्त ताकदवान का असतात. हे अनुमानाने दाखवता येतं आणि मुलांना आवडेल. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर असते, वजन घनफळावर. प्राणी तोच ठेवून लांबी दहापट कमी करा, ताकद शंभरपट कमी होते पण वजन हजारपट कमी होतं, म्हणजे वजनाच्या मानाने ताकद दहापट वाढली. आकार आणि बळ यांचा हा हिशोब गॅलिलिओने १६३८ मध्येच मांडला होता. मूल हे कागदावर स्वतः करून बघू शकतं, तुमच्यावर विश्वास ठेवायचीही गरज नाही.

अक्षरवेल

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री बसून परिच्छेद बदलला. पन्नास पट काढून टाकलं, कारण मागे जात जात शोधलं तर प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा आणि कोणती मुंगी ते कुठेच नाही, मोडीप्रेमी म्हणाले तसंच निघालं. आता असं लिहिलंय:

"मुंगी स्वतःपेक्षा जड वस्तू उचलून नेते हे तुम्ही अंगणात बसून पाहू शकता. किती पट जड, हे मुंगीच्या जातीवर आणि ती वस्तू उचलते की ओढते यावर ठरतं. पण तिला हे जमतं तरी कसं? एक घन काढा, मग त्याच्या दहापट लहान दुसरा घन काढा..." आणि पुढे गोंडवनींचा हिशोब, मुलांनी स्वतः करायचा असा.

एक छोटी शंका राहिली. संपादकांना पाठवताना "विधान आता साधार केलं आहे" लिहू की "सप्रमाण"? आणि माझा फोन साधारचं दर वेळी साधारण करतो, तेवढं बघून पाठवावं लागेल.

तर्कसांगाती

उचलून नेणं मुलं स्वतः पाहणार, हिशोब स्वतः करणार. सप्रमाण लिहा.

जुनी_पाटी

सप्रमाणच. फक्त "दहापट लहान घन" च्या जागी "ज्याची बाजू दहापट लहान आहे असा घन" करा, नाहीतर एखादं मूल घनफळ दहापट कमी करेल आणि हिशोब चुकेल.

अक्षरवेल

अरे हो, केला बदल. पाठवतेय.